घाट उतरून थेट पाण्यात : बोटीच्या ट्रेलरचे ब्रेक निवडताना आणि बदलताना

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरला तरी तापोळ्याला पाण्याची पातळी ६६० मीटरच्या आतच राहते. म्हणजे बोट लादलेला ट्रेलर महाबळेश्वरहून तापोळ्याला नेताना पंचवीसेक किलोमीटरमध्ये जवळजवळ सातशे मीटर खाली येतो आणि उतार संपतो तिथेच पाणी लागतं. साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीला उतरलात तरी तेच. तापलेली चाकं घेऊन आपण काठावर पोचतो आणि तशीच पाण्यात घालतो. बोटीच्या ट्रेलरच्या ब्रेकबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक सपाट रस्ता आणि समुद्राचं खारं पाणी धरून लिहिलेलं असतं. आपल्याकडे आधी उष्णता आणि पाठोपाठ पाणी, असा दुहेरी मार आहे. म्हणून या लेखातल्या बहुतेक निवडी मी त्यावरूनच केल्या आहेत.

उष्णतेचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. दीड टनाचा ट्रेलर सातशे मीटर खाली उतरतो तेव्हा सुमारे एक कोटी ज्यूल ऊर्जा सुटते. एवढ्या उष्णतेत तीस लिटर गार पाण्याला उकळी फुटते. यातला बराच वाटा टायरच्या घर्षणात, हवेत आणि ओढणाऱ्या गाडीच्या इंजिनात जिरतो. उरलेला वाटा जातो ब्रेकमध्ये. ट्रेलरला ब्रेक नसतील तर तो सगळा ओढणाऱ्या गाडीच्या ब्रेकवर पडतो, आणि त्या गाडीचे ब्रेक तिच्या स्वतःच्या वजनासाठी बनवलेले असतात.

सांगलीकडे चित्र वेगळं. रस्ते सपाट, उतार नावालाच, पण ट्रेलर वर्षातले दहा महिने शेडमध्ये उभा. मग कृष्णा चढते आणि एका रात्रीत तो बाहेर काढावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा वेळी बचाव बोटीच्या ट्रेलरचे ब्रेक जाम निघाले तर बोट असूनही वेळेवर पोचत नाही. त्यामुळे कोयनेच्या काठी योग्य ठरणारा ब्रेक सांगलीत योग्य ठरेलच असं नाही. दोन्हींचा विचार करत पुढे जाऊ.

आधी वजनकाटा

ब्रेक वजनावर ठरतात, आणि वजन अंदाजाने सांगण्यात आपल्याकडे सगळेच पटाईत. तसं करू नका. सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखान्यांमुळे वजनकाट्यांची वानवा नाही. बोट पूर्ण तयार करून न्या: इंजिन, बॅटरी, नांगर, दोर, लाइफ जॅकेट, भरलेली टाकी. पेट्रोल लिटरमागे पाऊण किलोच्या जवळ भरतं, म्हणजे शंभर लिटरची टाकी पाऊण क्विंटल. बोटीच्या तळात साचलेलं पाणीही वजनच असतं, ते आधी काढा.

दोन वजनं घ्या. पहिल्या वेळी ट्रेलर गाडीपासून सोडून, पुढच्या छोट्या चाकासकट, पूर्ण काट्यावर. दुसऱ्या वेळी ट्रेलर गाडीला जोडून, फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर. दोन्हींतला फरक म्हणजे गाडीच्या हुकावर पडणारा भार. तो एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के असावा. फारच कमी असेल तर ट्रेलर वेगात शेपटासारखा डोलतो, आणि डोलणाऱ्या ट्रेलरला कितीही चांगले ब्रेक असले तरी ते उशिरा कामाला येतात. भार कमी-जास्त असेल तर ब्रेकच्या आधी बोट ट्रेलरवर पुढे-मागे सरकवून तो नीट करा.

आता गाडीचं पुस्तक काढून ओढण्याची क्षमता बघा. बहुतेक पुस्तकांत ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी वेगळे आकडे असतात, आणि ब्रेक नसलेल्याचा आकडा बराच लहान असतो. ॲक्सल, टायर, कपलर (ट्रेलर गाडीच्या हुकाला जोडणारा भाग) आणि गाडी या चौघांपैकी ज्याची क्षमता सगळ्यात कमी, तीच तुमची मर्यादा.

आपल्याकडे ट्रेलरचे टी१ ते टी४ असे वर्ग आहेत. टी१ म्हणजे एकूण वजन पाऊण टनापर्यंत, टी२ म्हणजे पाऊण ते साडेतीन टन. युरोपात आणि ऑस्ट्रेलियातही ७५० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. ऑस्ट्रेलियात दोन टनांच्या वर सगळ्या चाकांना. माझं मत विचाराल तर घाट उतरायचा असेल तर पाचशे किलोच्या पुढे ब्रेक हवेतच. उसाच्या ट्रॉल्या ब्रेकशिवाय ओढलेल्या पाहत आपण मोठे झालो. त्या सवयीने बोटीच्या ट्रेलरलाही ब्रेक कशाला, असं वाटतं. पण उसाची ट्रॉली ट्रॅक्टरच्या वेगाने जाते. बोटीचा ट्रेलर जीपमागे साठच्या वेगाने. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते.

ब्रेक लावणार कोण?

चाकातला ब्रेक ड्रमचा की डिस्कचा, हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवायचं ते हे की ब्रेक दाबण्याचं काम कोण करणार. तीन पर्याय आहेत.

पहिला ओव्हररन ब्रेक. गाडीचा वेग कमी झाला की मागचा ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने कपलरचा दांडा आत सरकतो आणि ब्रेक लागतो. दांडा तारेने ब्रेक ओढत असेल तर तो मेकॅनिकल ओव्हररन. मास्टर सिलेंडर दाबून ब्रेक ऑइलने काम करत असेल तर हायड्रॉलिक, ज्याला अमेरिकेत सर्ज म्हणतात. याला गाडीतून वायर लागत नाही, कंट्रोलर लागत नाही, कोणत्याही गाडीला जोडला तरी चालतो. सांगलीच्या बचाव बोटीसाठी मी डोळे झाकून मेकॅनिकल ओव्हररन सांगेन. पुराच्या रात्री कोणाची जीप मिळेल, की ट्रॅक्टरच लावावा लागेल, हे आधी माहीत नसतं. वायरिंगवर अवलंबून असलेला ब्रेक अशा वेळी निकामी ठरतो. तारेचा ब्रेक गावातला कोणताही फिटर दुरुस्त करू शकतो. फक्त ट्रॅक्टरचा हुक पिनचा असतो आणि जीपचा गोळ्याचा, म्हणून दोन्हींना चालणारी जोडणी आधीच बनवून ट्रेलरवरच ठेवा.

ओव्हररनची खोट लांब उतारावर दिसते. घाटात ट्रेलर सतत पुढे रेटत राहतो. तुम्ही पेडलला पाय न लावता गाडी गियरवर उतरवत असलात तरी इंजिन गाडीला अडवतं, ट्रेलर तिच्यावर रेलतो आणि त्याचे ब्रेक हलके लागलेलेच राहतात. वीस-पंचवीस किलोमीटर असं चाललं की ड्रम तापून लाल व्हायचा बाकी राहतो.

दुसरा पर्याय इलेक्ट्रिक ड्रम. चाकाच्या आत विद्युतचुंबक असतो, केबिनमधला कंट्रोलर त्याला प्रवाह देतो, चुंबक ड्रमला चिकटून शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे अर्धगोल तुकडे, दाबतो. कोरड्या ट्रेलरला हा उत्तम आणि घाटात चालकाच्या ताब्यात राहणारा. पण वारंवार पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरला तो घेऊ नका. चुंबक, वायरीचे जोड आणि ड्रमचा आतला चकचकीत पृष्ठभाग, तिन्हींना गंज खातो.

तिसरा इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक. ट्रेलरवर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच जागी, एक विजेचा पंप बसवतात. केबिनमधल्या कंट्रोलरच्या इशाऱ्यावर तो ब्रेक ऑइलला दाब देतो. विजेचा भाग कोरडा राहतो आणि पाण्यात फक्त हायड्रॉलिक ब्रेक जातो. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे उतारावर ट्रेलरचा ब्रेक कधी लावायचा आणि कधी सोडायचा हे चालक ठरवतो. रिव्हर्स घेताना ब्रेक आपोआप लागण्याची भानगडही नाही. महाग आहे, आणि आपल्या गाड्यांना कंट्रोलर व त्याचं वायरिंग बाहेरून करून घ्यावं लागतं. तरीही दर आठवड्याला तापोळ्याचा किंवा बामणोलीचा उतार उतरणाऱ्या, टनाच्या वरच्या ट्रेलरला मी हाच पर्याय सुचवतो. खर्च परवडत नसेल तर हायड्रॉलिक ओव्हररन आणि डिस्क, ही दुसरी पसंती.

ड्रम की डिस्क

ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. उताराच्या शेवटी ब्रेकची पकड ढिली वाटते ती एक तर यामुळे आणि दुसरं शूवरचा घासणारा थर, म्हणजे लायनर, तापून गुळगुळीत झाल्यामुळे. डिस्क तापली की जाड होते, म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडच्या जवळच येते. शिवाय ती उघडी असल्याने वाऱ्याने निवते. पाण्यातून बाहेर आल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक लावला की डिस्क पुसली जाते. ड्रममध्ये मात्र पाणी आणि गाळ अडकून राहतो. शिवसागराचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की काठाला फूट-फूट लाल चिखल असतो. तो ड्रमच्या मागच्या झाकणाच्या, म्हणजे बॅकप्लेटच्या, फटीतून आत जातो, वाळतो आणि लायनर सँडपेपरसारखा घासत राहतो.

म्हणून घाट आणि चिखल दोन्ही असतील तिथे डिस्क. सपाट रस्ता, कमी वापर आणि काठावर उभं करण्यासाठी हँडब्रेक हवा असेल तिथे ड्रम. ट्रेलरच्या बहुतेक डिस्क कॅलिपरना, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्यांना, हँडब्रेक नसतो, हे विकत घेताना पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

डिस्क कशाची असावी याबद्दल एक गैरसमज आहे. स्टेनलेस स्टील सगळ्यात भारी, असं दुकानदार सांगतो. खाऱ्या पाण्यासाठी ते बरोबर आहे. तुमची बोट कुंभार्ली घाट उतरून चिपळूण-गुहागरकडे खाडीत जात असेल तर स्टेनलेस डिस्क आणि कॅलिपर घ्या. पण स्टेनलेस स्टील उष्णता बिडापेक्षा बरीच कमी वाहून नेतं. कोयना, धोम किंवा कृष्णेचं पाणी गोडं आहे. तिथे गंजापेक्षा उष्णता मोठा शत्रू. या पाण्यासाठी जस्ताचा लेप असलेली बिडाची डिस्क चांगली, आणि मधून हवा खेळेल अशी दोन पदरी मिळाली तर आणखी चांगली.

फॅब्रिकेटरकडे बनवलेल्या पुष्कळ ट्रेलरना जुन्या जीपचा किंवा व्हॅनचा मागचा ॲक्सल ब्रेकसकट लावलेला असतो. स्वस्त पडतं आणि सुटे भाग गल्लीत मिळतात, हे खरं. पण दोन गोष्टी तपासा. कारचा ड्रम दोन्ही दिशांना सारखाच लागतो, त्यामुळे ओव्हररन कपलर लावला की चिखलात किंवा चढावर रिव्हर्स घेताना ब्रेक जाम बसतात. त्यासाठी रिव्हर्समध्ये सुटणारा ट्रेलरचाच ड्रम लागतो, किंवा ब्रेक ऑइलच्या नळीत रिव्हर्स लाइटवर चालणारा, ऑइलची वाट विजेने बंद करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. दुसरं म्हणजे कपलरचा मास्टर सिलेंडर आणि चाकातले सिलेंडर एकमेकांच्या मापाचे हवेत. मास्टर फार मोठा असेल तर दाब कमी पडतो. फार लहान असेल तर दाब येतो पण ऑइल पुरत नाही, आणि दांडा शेवटपर्यंत सरकूनही ब्रेक पूर्ण लागत नाही.

ड्रमवरून डिस्कवर जाताना हमखास राहून जाणारी एक गोष्ट इथेच सांगतो. ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलेंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो नळीत थोडा दाब कायम धरून ठेवतो. ड्रमला तो हवा असतो, कारण शूच्या स्प्रिंगा सिलेंडर मागे ढकलत असतात. डिस्कला अशी स्प्रिंग नसते. तो दाब राहिला की पॅड डिस्कला कायम घासत राहतात. नव्याकोऱ्या डिस्क पहिल्याच फेरीत जळल्या तर नव्वद टक्के वेळा कारण हेच असतं. डिस्क लावायची असेल तर हा व्हॉल्व्ह काढता येतो का ते बघा, नसेल तर डिस्कसाठीचाच कपलर घ्या. इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक पंपांचंही तसंच: ड्रमसाठी साधारण १,००० पीएसआय दाबाचे आणि डिस्कसाठी १,६०० पीएसआयचे, असे दोन प्रकार येतात. डिस्कला कमी दाबाचा पंप लावला तर ट्रेलर थांबतच नाही.

बदलण्याचं काम

काम सुरू करण्याआधी कागद बघा. नोंदणी झालेल्या वाहनात मूळ तपशिलाला धक्का लावणारा बदल करता येत नाही; मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याबद्दलच आहे. ॲक्सल बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारून घ्या. अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

ट्रेलर सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या, एका बाजूच्या चाकांना पुढून-मागून उटी लावा आणि दुसरी बाजू उचला. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावा. बोट उतरवून ठेवता आली तर उत्तमच.

ॲक्सलच्या टोकाला चार भोकांची चौकोनी प्लेट आहे का ते पाहा. ब्रेकची बॅकप्लेट किंवा कॅलिपरचा ब्रॅकेट तिच्यावर बसतो. प्लेट नसेल तर वेल्डिंग करून घ्यावी लागते, आणि इथे घाई नको. प्लेट स्पिंडलशी, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या ॲक्सलच्या टोकाशी, काटकोनात नसेल तर लायनर एका कडेलाच घासतो. वेल्डिंगच्या आधी हब (चाकाचा मधला फिरणारा भाग) आणि बेअरिंग काढून ठेवा, आणि अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या जवळच लावा. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथवर हे काम नेटकं करून मिळतं. जुना ॲक्सल वाकलेला किंवा गंजून पापुद्रे सुटलेला असेल तर प्लेट जोडत बसू नका, ब्रेकची सोय असलेला नवा ॲक्सल घ्या.

नवीन हब मागवताना आतल्या आणि बाहेरच्या बेअरिंगवर कोरलेले नंबर आणि ऑइल सीलचं माप लिहून न्या. स्पिंडलचं माप नजरेने सांगता येत नाही. रिमच्या आत कॅलिपरला जागा आहे का, तेही आधी मोजा. बारा-तेरा इंची रिममध्ये पुष्कळदा कॅलिपर रिमला टेकतो.

बेअरिंगमध्ये ग्रीस तळहाताने दाबून, रोलरच्या फटींतून वर येईपर्यंत भरायचं. ग्रीस पाण्याने धुतलं न जाणारं, बोटीच्या ट्रेलरसाठीचं घ्या, आणि दोन जातींचं ग्रीस एकत्र करू नका. नट आवळताना हब फिरवत राहा, मग नट ढिला करा आणि बोटाने बसेल एवढाच पुन्हा आवळा. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी. जुनं ग्रीस ताकासारखं पांढुरकं निघालं तर सीलमधून पाणी आत गेलेलं आहे, मग सील न बदलता पुढे जाऊच नका.

कॅलिपर बसवताना डावा-उजवा बघा. हवा काढायचा निपल नेहमी वरच्या बाजूला यायला हवा. कॅलिपरची अदलाबदल झाली तर निपल खाली जातो आणि कितीही पंप केलं तरी हवा आतच अडकून राहते. ओली माती आणि गंजापासून वाचण्यासाठी कॅलिपरच्या सरकत्या पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं.

नळ्यांत हात आखडू नका. साधी स्टीलची नळी बाहेरून ठीक दिसत असली तरी क्लिपखाली गंजून फुटते, आणि नेमकी जोरात ब्रेक दाबल्यावरच फुटते, कारण दाब तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नळी वाकवायला सोपी असते आणि गंजत नाही. ॲक्सल वर-खाली होतो तिथे रबरी होज हवा, आणि स्प्रिंगचे पाटे पूर्ण दबले किंवा पूर्ण लोंबले तरी तो ताणला जाता कामा नये. नळी बोटीच्या रोलरखालून किंवा पाट्याला घासून नेऊ नका.

कपलर बदलताना त्याची क्षमता ट्रेलरच्या भरल्या वजनापेक्षा वरची हवी, आणि त्याचं माप गाडीच्या गोळ्याशी जुळायला हवं. ५० मिलिमीटरचा गोळा आणि दोन इंचाचा कपलर यांत एक मिलिमीटरहून थोडा कमी फरक पडतो, आणि तो घाटात खडखडून जाणवतो. जुनाच ओव्हररन कपलर ठेवणार असाल तर दांडा हाताने आत दाबून पाहा. जड, सावकाश सरकला तर आतला डॅम्पर ठीक आहे. खट्‌कन आत जात असेल तर डॅम्पर गेला, आणि मग प्रत्येक ब्रेकला ट्रेलर मागून धक्के देतो.

ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून ब्रेकअवे तार असते. ती गाडीच्या चेसिसला स्वतंत्र जागी अडकवा, गोळ्याच्या मानेत गुंडाळून ठेवू नका. गोळाच निसटला तर तारही त्याच्याबरोबर निसटेल. साखळ्या दोन, ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली एकमेकींना फुली मारून, म्हणजे कपलर सुटला तरी दांडा रस्त्यात घुसत नाही. विजेवर चालणाऱ्या ब्रेकला यासाठी ट्रेलरवर १२ व्होल्टची वेगळी बॅटरी लागते.

ब्रेकमधली हवा काढणे

ब्रेक ऑइल नवीन, सीलबंद डब्यातलं. डॉट ३ प्रतीचं ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. घाटासाठी डॉट ४ घ्या. सिलिकॉनचं डॉट ५ यांच्यात मिसळत नाही, ते चुकून टाकू नका. पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरचं ऑइल दर वर्षी बदलायला हवं, कारण ऑइलमधलं पाणी उतारावर उकळून वाफ होतं आणि वाफेतून दाब पोचत नाही.

कपलरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने मास्टर सिलेंडर सावकाश दाबायचा. ओव्हररनच्या कपलरला त्यासाठी बहुधा स्क्रूड्रायव्हर घालायची खाच असते. दुसऱ्याने निपल उघडायचा आणि दाब सोडण्याआधी बंद करायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, मग पुढचं चाक. मास्टर सिलेंडरची ऑइलची टाकी मध्येच रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरू करावं लागतं. सांडलेलं ऑइल लगेच धुवा, ते रंग खातं.

ड्रम असेल तर हवा काढण्याच्या आधी शू जुळवून घ्या: चाक फिरवत ॲडजस्टर आवळायचा, चाक अडखळलं की अगदी हलकी घासघास उरेल इतका मागे घ्यायचा. दोन्ही बाजू सारख्या.

पहिली फेरी

चाकाचे नट कंपनीने दिलेल्या टॉर्कवर, समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि पन्नास-साठ किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. लेप दिलेल्या नव्या हबवर नट हमखास ढिले होतात.

पहिली फेरी मोकळ्या, सपाट रस्त्यावर. वीसच्या वेगाने हलका ब्रेक, ट्रेलर सरळ थांबतो का बघा. मग चाळीसच्या वेगावरून पंधरा-वीस वेळा मध्यम ब्रेक, प्रत्येक वेळी मध्ये थोडं अंतर देऊन, म्हणजे पॅड डिस्कवर किंवा लायनर ड्रमवर नीट बसतात. थांबून प्रत्येक हबजवळ हात न्या, लगेच स्पर्श करू नका. सगळी चाकं सारखी कोमट असावीत. एक जास्त तापलं असेल तर तिथे ब्रेक चिकटतोय, एक गार असेल तर ते कामच करत नाहीये. बंदुकीसारखा तापमापक आता स्वस्त मिळतो; तो गाडीत ठेवा, घाटात दर थांब्याला उपयोगी पडतो.

घाट उतरताना आणि काठावर

उतार सुरू होण्याआधीच खालचा गियर टाका. ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्यापेक्षा वेग वाढला की ठाम दाबा, वेग उतरला की पूर्ण सोडा. सोडलेल्या वेळात डिस्क किंवा ड्रम निवतो. ओव्हररन ब्रेक असेल तर वाटेत दोन-तीनदा थांबा आणि हब तपासा.

काठावर पोचल्यावर अर्धा तास थांबा. गरम हबमध्ये हवा फुगलेली असते. तो एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. बेअरिंग यानेच मरतात. तापलेली बिडाची डिस्क किंवा ड्रम झटक्यात गार झाला तर तडकूही शकतो. या अर्ध्या तासात बोटीचे पट्टे सोडा, ड्रेन प्लग लावा, ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग गाडीपासून काढा. पाण्यात जाण्याआधी कोणत्याही चाकाजवळ हात नेऊन उष्णता जाणवत असेल तर आणखी थांबा.

चिखलात रिव्हर्स घेताना ब्रेक जाम बसला तर जबरदस्तीने रेटू नका, गाडी फूटभर पुढे घेऊन पुन्हा मागे या. सोलेनॉइड असेल तर त्याला वीज मिळतेय का बघा. दिव्यांचा प्लग काढल्यावर तोही बंद पडतो, म्हणून त्याची वायर वेगळी ठेवणं सोयीचं.

परतीला चढच असतो, त्यामुळे ब्रेक लागतच नाहीत आणि ओले ते ओलेच राहतात. माथ्यावर पोचण्याआधी, मागे वाहन नाही असं पाहून, दोन-चारदा हलका ब्रेक लावून ते कोरडे करा. घरी आल्यावर चाकं आतून गोड्या पाण्याने धुवा. ड्रम असतील तर बॅकप्लेटला पाइप जोडायचा धुण्याचा संच मिळतो, तो एकदाच बसवून घ्या. कोकणातून आलात तर धुणं त्याच दिवशी व्हायला हवं.

उभ्या ट्रेलरची निगा

ओला ट्रेलर हँडब्रेक लावून कधीही उभा करू नका. लायनर ड्रमला गंजाने चिकटतो. हँडब्रेक सोडा आणि चाकांना उटी लावा. लांब मुदतीसाठी ॲक्सल स्टँडवर घेतला तर टायरही वाचतात. महिन्यातून एकदा चाक हाताने फिरवणं आणि हँडब्रेक दोन-तीनदा ओढून सोडणं, एवढ्याने अर्धे दोष टळतात.

सांगली, मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यात ग्रामपंचायतीची किंवा मंडळाची बचाव बोट असेल तर तिच्या ट्रेलरची तपासणी मृगाच्या आधी, मे महिन्यातच उरकावी. प्रत्येक चाक उचलून फिरवा. तारेचा ब्रेक असेल तर तार हाताने ओढून पाहा. ती आवरणात अडकत असेल तर तेल घालत बसू नका, बदला. चिकटलेला ड्रम गाडीने ओढून सोडवायचा मोह आवरा, त्याने लायनर शूपासून उखडतो. चाक काढून ड्रमच्या कडेने लाकडी हातोड्याने ठोकत सोडवा. टायरच्या बाजूंना उन्हाने तडे गेलेत का बघा. मग बोट लादून, गावातल्या दोन वेगवेगळ्या गाड्यांना आणि एका ट्रॅक्टरला ट्रेलर जोडून नदीच्या उतारापर्यंत नेऊन आणा. कोणत्या गाडीला कोणती जोडणी लागते, कोणता पाना लागतो आणि जादा बेअरिंग, सील व स्प्लिट पिना कुठे ठेवल्या आहेत, हे एका पत्र्याच्या पाटीवर रंगवून दांड्याला बांधा. रात्री पावसात, वीज गेलेली असताना ट्रेलर बाहेर काढणारा माणूस कदाचित तो पहिल्यांदाच हाताळत असेल.